आग्नेयेकडे वळलेल्या छत्र्या

नोव्हेंबर 1984 मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी या अंतराळयानातून जो अॅलन आणि डेल गार्डनर हे दोन अंतराळवीर एका अवघड कामगिरीसाठी बाहेर पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोडलेले दोन दळणवळण उपग्रह योग्य कक्षेत न पोचता खालीच अडकून पडले होते. ते पकडून यानात चढवायचे आणि पृथ्वीवर परत आणायचे, असं ते काम होतं. दोन्ही उपग्रह हाती लागले, तेव्हा दोघांनी अवकाशातच ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून छायाचित्र काढून घेतलं.

त्यातला वेस्टार-6 खरोखर विकला गेला. त्याची दुरुस्ती झाली, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीनं तो घेतला आणि 7 एप्रिल 1990 रोजी चीनच्या लाँग मार्च अग्निबाणानं तो पुन्हा वर गेला. आता त्याचं नाव होतं एशियासॅट-1. त्याच्या दक्षिणेकडच्या झोतात भारत येत होता. एकदा वाया गेलेल्या या उपग्रहावरूनच भारतातल्या घरांत दिवसरात्र गाणी दाखवणारी पहिली वाहिनी उतरली, आणि अचलपूर-परतवाड्यासारख्या गावांतल्या टीव्हीवरही तिचंच चित्र आलं.

हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांचा मुलगा रिचर्ड ली याला वयाची पंचविशीही पूर्ण झालेली नव्हती, तेव्हा त्यानं या उपग्रहावरून आशियाभर दूरचित्रवाणी पोचवायची योजना हाती घेतली. तिचं नाव स्टार टीव्ही. ऑगस्ट 1991 पासून तिच्या वाहिन्या एकेक करून सुरू झाल्या. 15 सप्टेंबर 1991 रोजी त्यात एमटीव्हीची भर पडली. मनमोहन सिंग यांनी आर्थिक धोरणाची दिशा बदलणारा अर्थसंकल्प मांडला होता तो त्याच वर्षी 24 जुलैला. म्हणजे बाजाराचं दार उघडायला आणि आकाशातून गाणी यायला एकाच पावसाळ्यात सुरुवात झाली.

एमटीव्ही तोवर दहा वर्षांची झाली होती. 1 ऑगस्ट 1981 रोजी मध्यरात्रीनंतर एका मिनिटानं ती अमेरिकेत सुरू झाली. पहिलं गाणं होतं बगल्स या ब्रिटिश जोडीचं, ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. वाहिनीचं कार्यालय न्यू यॉर्कमध्ये, पण मॅनहॅटनच्या केबलवर ती दिसतच नव्हती. त्यामुळे तिच्या माणसांना आपलंच पहिलं प्रक्षेपण पाहायला नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावच्या एका रेस्तराँत जावं लागलं. पुढच्या वर्षी वाहिनीनं ‘आय वॉन्ट माय एमटीव्ही’ ही मोहीम काढली. प्रेक्षकांनी आपापल्या केबलवाल्याला फोन करून वाहिनी मागावी, एवढंच त्या जाहिरातींतून सांगितलं जात होतं. ही युक्ती लागू पडली. केबलवाला वाकला की वाहिनी घरात येते, हे गणित अमेरिकेत तेव्हाच सिद्ध झालं होतं आणि दहा वर्षांनी वऱ्हाडातही ते तसंच्या तसं खरं ठरलं.

अचलपूर हे एके काळचं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. त्याला लागून छावणीतून वाढलेलं परतवाडा. अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटरवरची ही जुळी गावं सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. मागे गाविलगड, चिखलदरा आणि मेळघाट. मूर्तिजापूरहून निघालेली नॅरोगेजची शकुंतला रेल्वे इथे येऊन थांबायची. दूरदर्शनचा प्रसार देशभर झाला तो 1984 नंतर, गावोगाव उभ्या राहिलेल्या लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे. तेव्हा कौलांवर आणि धाब्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने आले. एकानं वर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्यानं दारातून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं आणि पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की वरच्यानं हात काढून घ्यायचा. गाण्यांसाठी वाट पाहायची ती बुधवार-शुक्रवारच्या चित्रहारची आणि रविवार सकाळच्या रंगोलीची. बाकी सगळा आठवडा रेडिओचा आणि कॅसेटचा.

डिश अँटेनाची, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीची, बात वेगळी होती. जमिनीवरच्या मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींना डोंगर आडवे येतात. एशियासॅट-1 मात्र विषुववृत्तावर, 105.5 अंश पूर्व रेखांशावर होता. अचलपूरहून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. सातपुडा उत्तरेला. म्हणजे छत्रीची पाठ डोंगराकडे आणि तोंड मोकळ्या आभाळाकडे. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे जी अडचण व्हायची, ती या बैठ्या घरांच्या गावांत नव्हती. मेळघाटच्या तोंडाशी असलेल्या गावाला हाँगकाँगचं चित्र मिळायला भूगोल आड आला नाही, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आडगावांबद्दल बोलताना आपण नेहमी अंतर मोजतो आणि दिशा विसरतो.

या छत्र्या लहान नव्हत्या. आजच्या घरगुती डिशच्या कितीतरी पट मोठ्या, आठ-दहा फुटी, जाळीच्या किंवा पत्र्याच्या. त्या गच्चीवर सिमेंटमध्ये रोवलेल्या लोखंडी खांबावर बसवायच्या. तबकडीच्या मध्यापुढे तीन-चार नळ्यांवर संकेत टिपणारा एलएनबी. खाली एका खोलीत रिसीव्हर, मॉड्युलेटर आणि एक व्हीसीआर. तिथून काळी कोअ‍ॅक्सियल वायर निघायची, विजेच्या खांबावरून, कडुलिंबाच्या फांदीवरून, शेजाऱ्याच्या गच्चीच्या कठड्यावरून. वायर लांबली की चित्र फिकट व्हायचं, म्हणून मध्ये बूस्टर लावायचे. लाइन गेली की बूस्टरही बंद. म्हणजे स्वतःच्या घरी वीज असूनही पलीकडच्या गल्लीत ती नसेल, तर टीव्हीवर मुंग्याच.

आणखी एक अडचण घराघरांतल्या टीव्हींची होती. बहुतेक जुन्या संचांना मोजकीच बटणं, कुणाला आठ, कुणाला बारा. त्या बटणांवर काय बसवायचं, हे केबलवाला ठरवी. दूरदर्शन हवंच. 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाल्यावर तीही हवीच. एका बटणावर त्याच्या स्वतःच्या व्हीसीआरवरचा सिनेमा आणि त्यात गावातल्या कापड दुकानाची, दवाखान्याची, शिकवणी वर्गाची पाटी. उरलेल्या जागांसाठी क्रिकेट दाखवणारी प्राइम स्पोर्ट्स, स्टार प्लस, बीबीसी आणि एमटीव्ही यांच्यात ओढाताण. जिथे घरात कॉलेजात जाणारी मुलं होती, तिथून एमटीव्हीची मागणी यायची. जिथे म्हातारी माणसं होती, तिथून ती काढण्याची. संगीत वाहिनीचा सुरुवातीचा इतिहास हाँगकाँग-मुंबईच्या कार्यालयांतून लिहिला जातो. खरं तर त्यातली अर्धी निवड गावोगावच्या या खोल्यांत झाली. या केबलवाल्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत, आणि ती असायला हवी होती.

त्या पहिल्या एमटीव्हीवर काय दिसायचं? सोफिया हक, डॅनी मॅकगिल असे इंग्रजीत बोलणारे व्हीजे (सूत्रसंचालक), मायकल जॅक्सन, मॅडोना, गन्स अँड रोझेस. कॅमेरा एका जागी थांबत नसे, चित्रं दर दोन सेकंदांनी बदलत. इंग्रजी फारशी न समजणाऱ्या पोरांनाही ते पाहवत होतं, कारण नाच समजायला भाषा लागत नाही. तरीही ही पाहुण्यांची वाहिनी होती. हिंदी गाणं तिच्यावर क्वचित यायचं. लखनौच्या बाबा सेहगलचं 1992 सालचं ‘ठंडा ठंडा पानी’ तिथवर पोचलं. त्याची चाल व्हॅनिला आइसच्या इंग्रजी गाण्यावरून घेतलेली, तरी बोल आपल्या भाषेतले होते आणि लोकांनी तेवढ्यावर त्याला डोक्यावर घेतलं. पुढे दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरच्या ‘सुपरहिट मुकाबला’मध्ये तोच सूत्रधार म्हणून दिसू लागला.

मग मालकी बदलली. जुलै 1993 मध्ये रूपर्ट मरडॉक यांनी स्टारचा 63.6 टक्के हिस्सा 52 कोटी 50 लाख डॉलरला घेतला. एमटीव्ही आणि स्टार यांचं जमेना आणि 1994 च्या मे महिन्यात एमटीव्ही स्टारच्या उपग्रहावरून उतरली. तिच्या जागी 27 मे 1994 रोजी स्टारनं स्वतःची चॅनल व्ही आणली. पुढच्या वर्षी तिच्यात बड्या आंतरराष्ट्रीय संगीत कंपन्यांनीही वाटा घेतला. प्रेक्षकाच्या बाजूनं बघितलं तर एका सकाळी त्याच बटणावर वेगळं बोधचिन्ह आलं, एवढंच.

पण बदल बोधचिन्हापुरता नव्हता. चॅनल व्हीच्या लोकांना एक गोष्ट लवकर कळली. झीच्या अंताक्षरीत अन्नू कपूर जे करत होता, ते भारतीय घरांना जास्त जवळचं होतं. गाणं लोकांना हवं होतं, पण ते ओळखीचं हवं होतं. चॅनल व्हीनं हिंदी गाणी घेतली, रूबी भाटियासारखे हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करून बोलणारे व्हीजे आणले, जावेद जाफरीला घेतलं, दाक्षिणात्य सिनेमातल्या काउबॉयवर बेतलेला क्विक गन मुरुगन उभा केला. एमटीव्हीनं मग हाच धडा गिरवला. 28 ऑक्टोबर 1996 रोजी खास भारतासाठीची एमटीव्ही इंडिया सुरू झाली, ती वेगळ्या उपग्रहावर. त्यासाठी केबलवाल्याला वेगळ्या दिशेला तोंड केलेली आणखी एक छत्री उभारावी लागली. लागलीच चार दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी. पाच वर्षं वाहिनीवर पाहिलेला माणूस महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरला. ज्या राजकीय वर्तुळात पाश्चात्त्य वाहिन्यांच्या सांस्कृतिक आक्रमणाबद्दल सतत बोललं जाई, त्याच वर्तुळातून त्याला बोलावणं गेलं होतं. काळ किती झपाट्यानं बदलत होता, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

या सगळ्यात एक चित्रफीत सर्वांच्या मनात घर करून बसली. 1995 साली आलेलं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’. संगीत बिद्दू यांचं, दिग्दर्शन केन घोषचं. राजवाड्यात बसलेली एक राजकन्या, तिच्यासाठी देशोदेशींचे वर येतात आणि ती एकेकाला नाकारते. शेवटी एक लाकडी पेटारा आणला जातो. तो उघडतो आणि आतून मिलिंद सोमण बाहेर येतो. एका शब्दाचाही संवाद नाही. दादरच्या शिवाजी पार्कावर वाढलेला, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू असलेला हा मराठी मुलगा त्या एका दृश्यानं देशभर घरोघरी पोचला. त्याच वर्षी बुटांच्या एका जाहिरातीवरून त्याच्यावर आणि नागपूरच्या मधू सप्रेवर मुंबईत खटला भरला गेला. तो निकाली निघायला 2009 उजाडलं. मधू सप्रे 1992 च्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली होती. वाहिन्यांच्या त्या चकचकीत जगातले दोन ठळक चेहरे मराठी होते, त्यातला एक विदर्भाचा.

चेहरे मराठी होते. आवाजही मराठी होता. आशा भोसले यांनी साठी ओलांडल्यावर लेस्ली लुईसबरोबर 1997 मध्ये ‘जानम समझा करो’ हा अल्बम केला आणि तरुण गायिकांच्या बरोबरीनं त्या या वाहिन्यांवर दिसू लागल्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या कॉर्नरशॉप या बँडनं आशाबाईंवरच गाणं रचलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. फेब्रुवारी 1998 मध्ये त्याची नवी आवृत्ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. सांगलीत जन्मलेल्या मराठी गायिकेचं नाव लंडनच्या नाचघरांत घुमलं आणि ते गाणं एमटीव्हीवर वाजलं.

पण भाषा मराठी नव्हती. याच आशाबाईंनी अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझला गायल्या होत्या. अमरावती जिल्ह्यातलेच भीमराव पांचाळे गावोगाव मराठी गझलेच्या मैफली करत होते. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं गुरुकुंज मोझरीपासून सगळ्या वऱ्हाडात घरोघरी होती. चौदा एप्रिलला निळे झेंडे घेऊन निघणाऱ्या मिरवणुकांत भीमगीतं होती, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी लग्नाच्या मांडवात आणि एसटी स्टँडवर वाजत होत्या. वऱ्हाडाला गाण्याची कमी कधीच नव्हती. पण यातलं एकही गाणं त्या बटणावर आलं नाही, कारण त्याची चित्रफीत कुणी काढलीच नाही. वाहिनीला चित्रफिती कॅसेट कंपन्यांकडून मिळत, तिला त्यासाठी पैसे मोजावे लागत नसत. ज्याच्याकडे चित्रीकरणाला पैसा होता, त्याचं गाणं दिसे. मराठी कॅसेटचा धंदा मोठा असला तरी तो कमी किमतीवर आणि मोठ्या खपावर चालणारा. एका गाण्याच्या चित्रीकरणावर अल्बमच्या खर्चापेक्षा जास्त पैसा घालायची त्याची तयारी नव्हती. हा अन्याय कुणी ठरवून केला नसेल, पण तो अन्यायच होता. मराठी मुलखात, मुंबईत कार्यालय थाटून बसलेल्या वाहिन्या दहा वर्षं मराठी गाण्यावाचून चालल्या.

ही कोंडी फुटली 2002 मध्ये. अवधूत गुप्ते यांच्या संगीतातलं, वैशाली सामंत यांच्या आवाजातलं ‘ऐका दाजिबा’ आलं. सागरिका कंपनीनं त्याची चित्रफीतही हिंदी अल्बमच्या तोडीची काढली, ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी यांना घेऊन. ढोलकीचा ठेका, गावाकडचा शब्द, आणि मांडणी मात्र शहरी. देशव्यापी संगीत वाहिन्यांना ते लावावं लागलं, आणि मराठी न कळणाऱ्यांनीही ते उचललं. बाबा सेहगलच्या गाण्यानं हिंदीसाठी जे दहा वर्षांपूर्वी केलं, ते या गाण्यानं मराठीसाठी केलं. तोवर अल्फा मराठी (15 ऑगस्ट 1999) आणि ई टीव्ही मराठी (9 जुलै 2000) सुरू झाल्या होत्या, पण त्या मालिकांच्या वाहिन्या. दिवसभर मराठी गाणीच दाखवणारी नाइन एक्स झकास यायला 2011 उजाडलं. ‘नटरंग’सारख्या चित्रपटांनी मराठी गाण्याला पुन्हा पैसा आणि देखणं चित्रीकरण मिळवून दिल्यावर ती आली, अमेरिकेतल्या एमटीव्हीनंतर तीस वर्षांनी आणि हाँगकाँगच्या एमटीव्हीनंतर वीस वर्षांनी.

तोपर्यंत विदर्भातल्या मुलांनी दुसरा रस्ता शोधलेला होता. हिंगणघाटच्या वैशाली माडे झीच्या हिंदी ‘सा रे ग म प’ स्पर्धेत 2009 साली विजेत्या ठरल्या. पुढे ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’मध्ये श्रेया घोषाल यांच्याबरोबर त्यांचा आवाज ऐकू आला. चित्रफीत काढायला पैसे नसले तरी स्पर्धेत उभं राहता येत होतं. टीव्हीनं वैदर्भीय आवाजाला जागा दिली ती अशी, संगीत वाहिनीच्या बाहेर.

संगीत वाहिन्यांचा भर त्याआधीच ओसरू लागला होता. मोबाइलवर यूट्यूब आलं, तेव्हा आवडतं गाणं लागायची वाट पाहायचं कारण उरलं नाही. एमटीव्ही रिअ‍ॅलिटी शोंकडे वळली. चॅनल व्ही 2018 मध्ये बंद झाली. केबलवाल्याचाही धंदा पालटला. 1995 च्या केबल कायद्यानं त्याला मुख्य डाकघरात नोंदणी करायला लावली होती. पुढे सेट टॉप बॉक्स आले, मोठ्या कंपन्यांचे नियंत्रण कक्ष आले आणि गच्चीवरच्या मोठ्या छत्र्या भंगारात गेल्या.

केबलवाल्यांच्या त्या खोल्यांतला व्हीसीआर मात्र केवळ सिनेमे लावत नव्हता. गावातल्या गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे, शाळांची स्नेहसंमेलनं, कीर्तनं, कव्वालीचे मुकाबले, निवडणुकीच्या सभा यांचं चित्रीकरण करून केबलवाले ते आपल्या स्थानिक वाहिनीवर दाखवत. वाहिन्यांवर ज्या मराठी आणि वऱ्हाडी गाण्याला जागा मिळाली नाही, ते गाणं चालत्या-बोलत्या रूपात कुठे उरलं असेल तर याच व्हीएचएस कॅसेटींत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपट जपतं. गल्लीतल्या केबलच्या कॅसेटी जपणारं तसं घर नाही. या फितींवर बुरशी धरते, उन्हाच्या तडाख्यानं त्यांचा लेप सुटतो, आणि चालू स्थितीतले व्हीसीआर दर वर्षी कमी होत आहेत. अचलपूर, परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर इथे ज्यांच्या घरी अशा कॅसेटी माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. डब्यावर साल आणि प्रसंग लिहावा, कॅसेटी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, आणि गावात जो कोणी लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देत असेल, त्याच्याकडून याच उन्हाळ्यात त्यांची प्रत काढून घ्यावी. एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.